नवा कार्बोरेटर बसवला, तरी गाडी स्लोला का उभी राहत नाही?

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, संकेश्वर या आपल्या सीमाभागात जुन्या पेट्रोल गाड्या जपणाऱ्यांची संख्या आजही लक्षणीय आहे. कुणाकडे वडिलांनी घेतलेली पद्मिनी आहे, कुणाच्या वाड्याच्या पडवीत अ‍ॅम्बॅसेडर उभी आहे, आणि डिसेंबर 1983 मध्ये पहिल्यांदा ग्राहकांच्या हाती पडलेल्या मारुती 800 च्या कार्बोरेटरवाल्या गाड्या तर खेड्यापाड्यांतून अजून बाजाराला येताना दिसतात. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करून, विमा आणि प्रदूषणाचा दाखला सांभाळून ही माणसे गाड्या ठेवतात. त्यामुळे या गाड्यांच्या दुरुस्तीत वारंवार होणाऱ्या एका चुकीबद्दल आपल्या दैनिकातून सविस्तर लिहावे, असे मला बरेच दिवस वाटत होते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मोटार मेकॅनिक शाखेचा निदेशक म्हणून मी नोकरी केली. निवृत्तीनंतरही ओळखीचे गॅरेजवाले आणि गाडीमालक अडचण घेऊन येतात, आणि त्यांतली सर्वाधिक वेळा येणारी अडचण हीच आहे.

जुना कार्बोरेटर, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग, झिजला म्हणून मालक नवा किंवा दुरुस्त केलेला कार्बोरेटर आणून बसवतो. गाडी सुरू होते, रस्त्यावर बरी चालते, पण अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की, म्हणजेच स्लोला (इंजिन कमीत कमी वेगात चालत असताना), थरथरते, मिस मारते (मध्ये मध्ये जळण चुकते) आणि बंद पडते. टिळकवाडीच्या रेल्वे गेटपाशी रांगेत थांबल्यावर इंजिन जिवंत ठेवण्यासाठी सतत रेस द्यावी लागते. काही गाड्यांत याच्या उलट होते आणि पाय काढला तरी इंजिन ओरडतच राहते. मग ‘नवा कार्बोरेटरच खराब निघाला’ असा निष्कर्ष निघतो, दुकानदार तो परत घेत नाही, मालक दुसरा आणतो, आणि दुसराही तसाच निघतो. माझे मत असे आहे की, अशा बहुतेक गाड्यांतील दोष कार्बोरेटरच्या पोटात नसून त्याच्या बुडाशी, त्याला जोडलेल्या नळ्यांत, तारांत किंवा इंजिनाच्या टायमिंगमध्ये, म्हणजे ठिणगी पडण्याच्या वेळेत, असतो, आणि तो ठरावीक क्रमाने शोधला तर दुसऱ्या कार्बोरेटरचा खर्च वाचतो.

स्लोला इंजिन इतके नाजूक का असते, हे आधी समजून घेतले पाहिजे. त्या वेळी कार्बोरेटरमधील बटरफ्लाय, म्हणजे हवेची वाट कमीजास्त उघडणारी चकती, जवळजवळ मिटलेली असते, त्यामुळे मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे कार्बोरेटरकडून सिलिंडरांकडे जाणाऱ्या नळीत, ओढ सर्वांत जास्त असते आणि आत जाणारी हवा सर्वांत कमी असते. पेट्रोल येते ते स्लो जेटच्या (स्लोचे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या तोटीच्या) अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासच्या भोकातून. अशा अवस्थेत बटरफ्लायच्या खालच्या बाजूने, म्हणजे कार्बोरेटरच्या हिशेबात न आलेली थोडी हवा जरी आत शिरली तरी मिश्रण एकदम लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) होते आणि सिलिंडर मिस मारू लागतात. हायवेवर ताशी साठच्या वेगाने जाताना बटरफ्लाय उघडी असते, ओढ कमी असते, हवा भरपूर जात असते, म्हणून तीच गळती जाणवतही नाही. ‘रस्त्यावर चांगली चालते, म्हणजे बाकी सगळे ठीक आहे’ हा युक्तिवाद म्हणूनच फसवा आहे.

सर्वांत आधी पाहायची ती कार्बोरेटर आणि मॅनिफोल्ड यांच्यामधली बैठक. तेथे बहुतेक गाड्यांत बॅकेलाइटचा ठोकळा असतो, जो इंजिनाची उष्णता कार्बोरेटरपर्यंत पोहोचू देत नाही, आणि त्याच्या वर व खाली एकेक पॅकिंग असते. कार्बोरेटर बदलताना जुनी पॅकिंग तशीच ठेवली जातात, किंवा एकच नवे घातले जाते, किंवा वर्षानुवर्षांच्या उष्णतेने वाकडा झालेला ठोकळा पुन्हा बसवला जातो. त्यातून दोन स्टडवर (आटे असलेल्या खुंट्यांवर) बसणाऱ्या कार्बोरेटरचे नट जोर लावून आवळले की फ्लँजचे (कार्बोरेटरच्या बुडाच्या सपाट पट्टीचे) दोन्ही कान खाली वाकतात आणि मधला भाग उचलला जातो. मऊ धातूचे ओतकाम असल्यामुळे हे सहज घडते. हवा ओढते आहे म्हणून नट आणखी आवळावे, तर फट कमी होण्याऐवजी वाढते.

निपाणीकडच्या एका पद्मिनीचे उदाहरण येथे देतो, कारण त्यात हे अगदी डोळ्यांनी पाहता आले. स्लोचे पेट्रोल कमीजास्त करणारा मिक्श्चरचा स्क्रू पूर्ण आत घातला काय आणि तीन फेरे बाहेर काढला काय, इंजिनाच्या आवाजात काडीचा फरक पडत नव्हता. कार्बोरेटर उतरवून त्याच्या फ्लँजवर पोलादी पट्टी आडवी धरली आणि उजेडाकडे केली, तेव्हा दोन्ही स्टडच्या भोकांजवळ पट्टी टेकलेली आणि मध्यभागी केसाएवढ्या जाडीचा प्रकाशाचा धागा आरपार दिसत होता. काढलेल्या पॅकिंगवरही तेच लिहिलेले होते, असे म्हणायला हरकत नाही. कानांजवळ त्याचा कागद चेपून काळा चकचकीत झालेला होता आणि मधल्या पट्ट्यात तो नव्यासारखा फुगीर, पेट्रोलच्या डागाने तांबूस झालेला होता. फ्लँज सरफेस प्लेटवर (अगदी सपाट केलेल्या धातूच्या पाटावर) बारीक एमरी पेपर ठेवून, समान दाब देत, पट्टीखालचा उजेड नाहीसा होईपर्यंत घासला, ठोकळाही त्याच रीतीने सपाट केला, दोन्ही पॅकिंग नवी कापली, आणि नट एकदा या बाजूचा, एकदा त्या बाजूचा असे थोडे थोडे आवळले. त्यानंतर मिक्श्चरचा स्क्रू पाव फेरा फिरवला तरी इंजिन ओळख देऊ लागले. कार्बोरेटर तोच होता, ज्याला टाकाऊ ठरवण्यात आले होते.

गळती उतरवण्याआधीच ओळखायची असेल तर एक सोपी परीक्षा आहे. इंजिन चालू असताना एअर क्लीनर काढून कार्बोरेटरच्या तोंडावर तळहात हळूहळू आडवा आणावा, किंवा चोकची (थंड इंजिन सुरू करताना हवा अडवणारी) चकती किंचित मिटवावी. इंजिन सुधारले आणि वेग वाढला, तर मिश्रण लीन आहे, म्हणजे कुठून तरी हवा ओढली जाते आहे किंवा स्लो जेट तुंबले आहे. इंजिन आणखी दबले आणि धूर काळा झाला, तर मिश्रण आधीच रिच (पेट्रोल जास्त) आहे आणि शोध फ्लोटकडे, म्हणजे कार्बोरेटरमधील पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या भागाकडे, वळवावा. गळतीची नेमकी जागा शोधण्यासाठी रबरी नळीचा तुकडा एका टोकाने कानाशी धरून दुसरे टोक बैठकीभोवती फिरवावे, सुसकाऱ्यासारखा आवाज स्पष्ट ऐकू येतो. त्या वेळी पंख्याच्या आणि पट्ट्याच्या जवळ कपडे, मफलर किंवा हात जाणार नाही याची काळजी घ्यावी. फवारणीच्या बाटलीतून साधे पाणी सांध्यावर मारले आणि इंजिनाचा आवाज क्षणभर बदलला, तरी जागा सापडते. काही ठिकाणी गरम इंजिनावर पेट्रोल शिंपडून ही परीक्षा करतात, ती कृपा करून कुणीही करू नये. धूर बाहेर नेणारा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड बहुधा त्याच बाजूला सणसणीत तापलेला असतो आणि वितरकाच्या (प्रत्येक प्लगला वीज वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या) तारांतून ठिणगी उडत असते.

ज्यांच्याकडे मॅनिफोल्डमधील ओढ मोजणारे व्हॅक्यूम गेज आहे त्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पुस्तकात सुदृढ इंजिनासाठी स्लोला 17 ते 21 इंच पाऱ्याचे वाचन दिलेले असते, ते समुद्रसपाटीचे आहे. उंची दर हजार फुटांनी वाढली की ते साधारण एक इंचाने उतरते, आणि बेळगाव शहर सुमारे अडीच हजार फुटांवर वसलेले आहे. म्हणून येथे 15 ते 18 इंचांचे स्थिर वाचन आले तर ते दुखणे समजू नये. काटा स्थिर आहे की नाही, हे आकड्यापेक्षा अधिक महत्त्वाचे आहे. नियमित ठेक्याने काटा खाली पडत असेल तर एखादा व्हॉल्व्ह किंवा प्लग काम करत नाही, आणि सगळेच वाचन कमी पण स्थिर असेल तर गळती किंवा मागे गेलेले टायमिंग असते.

बैठकीनंतर नळ्या. नव्या कार्बोरेटरवर जुन्यापेक्षा एखादी नळी जास्त निघते, आणि तिला जोडायला काही नाही म्हणून ती उघडीच राहते. मॅनिफोल्डच्या ओढीशी जोडलेली उघडी नळी म्हणजे सरळ सरळ गळतीच होय, तिला रबरी टोपी घालून क्लिप लावली पाहिजे. ब्रेक सर्व्होची नळी, क्रँककेसच्या वाफा परत आत घेणारी नळी आणि ओढीनुसार ठिणगी लवकर पाडणाऱ्या, वितरकाच्या अ‍ॅडव्हान्सची नळी या तिन्ही वर्षानुवर्षे तापून कडक झालेल्या असतात, आणि कार्बोरेटर बदलताना वाकवल्यावर त्यांना टोकाशी चीर पडते. वितरकाच्या अ‍ॅडव्हान्सचा डायफ्राम (लवचीक पडदा) फाटलेला असला तरी तेथूनही हवा ओढली जाते. नळी तोंडात धरून ओढ दिली आणि ती ओढ जिभेवर टिकली तर डायफ्राम शाबूत आहे, इतकी ही तपासणी सोपी आहे.

इंजिन ओरडत असेल तर बहुधा कारण उघड्यावर असते. अ‍ॅक्सिलरेटरची वायर ताणून बसवलेली असते आणि बटरफ्लाय पूर्ण मिटतच नाही, किंवा चोकची वायर तशीच ताणलेली राहून गरम इंजिनावरही तो अर्धा लागलेला असतो आणि त्याचा कॅम बटरफ्लायला थोपवून धरतो. वायर सोडवून बटरफ्लायचा दांडा हाताने मागे ढकलावा. वेग खाली आला तर दोष वायरचा. दुरुस्त केलेल्या कार्बोरेटरमध्ये आणखी एक गोष्ट पाहावी, ती म्हणजे बटरफ्लायच्या दांड्याची खिळखिळ. बाहेरून पॉलिश केलेल्या जुन्या बॉडीत दांड्याची भोके झिजलेली असतात, आणि तेथून ओढली जाणारी हवा कोणत्याही स्क्रूने भरून काढता येत नाही. इंजिन स्लोला असताना दांडा बोटाने वरखाली हलवावा. आवाज बदलला तर त्या कार्बोरेटरला बुश (झिजलेल्या भोकात बसवायची कडी) मारण्याखेरीज उपाय नाही, आणि अशा वेळी मात्र दुकानदाराला जाब विचारण्याचा ग्राहकाला पूर्ण हक्क आहे.

आता ज्या मुद्द्यासाठी मी प्रामुख्याने हे पत्र लिहीत आहे तो मांडतो. पॉइंट (ठिणगीची वीज जोडणारी-तोडणारी टोके), प्लग, टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांतील फट) आणि टायमिंग तपासल्याशिवाय कार्बोरेटरच्या कोणत्याही स्क्रूला पाना लावू नये. हा नियम आपल्याकडे सर्रास मोडला जातो, कारण स्क्रू वरच असतो आणि हाताला येतो. टायमिंग मागे गेलेले असेल तर स्लोला इंजिन अशक्त होते आणि वेग उतरतो. तो वर आणण्यासाठी फिटर रेसचा स्क्रू आत फिरवतो, म्हणजेच बटरफ्लाय थोडी उघडतो. बटरफ्लायच्या कडेच्या किंचित वर कार्बोरेटरच्या भिंतीत दोनतीन बारीक भोके असतात. स्लोवरून वेग घेताना खोकला येऊ नये म्हणून, बटरफ्लाय उघडू लागल्यावर तेथून जादा पेट्रोल मिळावे, यासाठी त्यांची योजना असते. रेसचा स्क्रू जास्त आत गेला की ही भोके स्लोलाच उघडी पडतात, पेट्रोल तेथून येऊ लागते, आणि मिक्श्चरच्या स्क्रूखालून येणाऱ्या पेट्रोलाला काही किंमतच उरत नाही. स्क्रू फिरवून फरक पडत नाही, असे जे सांगितले जाते, त्याचे बैठकीतील गळतीखालोखाल हेच मोठे कारण आहे. एवढ्यावर हे थांबत नाही. वितरकाच्या अ‍ॅडव्हान्सचे छिद्रही साधारण त्याच जागी असल्यामुळे बटरफ्लाय उघडताच त्यालाही ओढ मिळते, टायमिंग आपोआप पुढे जाते, वेग वाढतो, फिटर स्क्रू थोडा मागे घेतो, छिद्र झाकले जाते आणि इंजिन पुन्हा दबते. वेग वरखाली होत राहणारी अशी गाडी पाहिली की मालकाची खात्री पटते की कार्बोरेटर सदोष आहे. वस्तुतः वितरक दोनतीन अंश फिरवून टायमिंग जागेवर आणले, तर बटरफ्लाय पुन्हा मिटवता येते आणि त्यामागून सगळ्या तक्रारी सुटतात.

टॅपेटचेही तसेच. फट कमी राहून एखादा व्हॉल्व्ह पूर्ण बसत नसेल, तर वेगात ते झाकले जाते आणि स्लोला उघडे पडते. पावसाळ्यात खानापूर, जांबोटी, चोर्ला या भागात महिनोन्महिने दमट हवा असते. तेव्हा वितरकाच्या टोपीच्या आतून ओलावा धरतो किंवा कार्बनची बारीक रेघ उमटते, आणि स्लोला एखादा सिलिंडर सुटतो. कार्बोरेटर नेमका जून-जुलैत बदलला असेल तर दोष त्याच्याच माथी मारला जातो. एकेका प्लगची टोपी इन्सुलेट केलेल्या पक्कडीने काढून पाहावी. ज्या सिलिंडरची टोपी काढल्यावर वेग उतरत नाही, तो सिलिंडर काम करत नाही, आणि एकच सिलिंडर सुटला असेल तर ते काम कार्बोरेटरचे नव्हे, कारण कार्बोरेटर सगळ्यांना एकाच मुखातून देतो.

कार्बोरेटरवाल्या मारुती 800 मध्ये एक गोष्ट वेगळी आहे. चावी बंद केल्यावर इंजिन धडधडत राहू नये म्हणून तिच्या कार्बोरेटरवर स्लोचे पेट्रोल तोडणारा विजेचा सोलेनॉइड असतो. त्याची तार जोडायची राहिली, तिचा थिंबल (टोकाची धातूची पकड) सैल झाला किंवा फ्यूज गेला, तर गाडी चोकवर सुरू होते, रेस दिल्यावर चालते, पण स्लोला एक क्षणही उभी राहत नाही. चावी फिरवल्यावर, इंजिन सुरू न करता, कार्बोरेटरजवळ कान नेला तर ‘टक्’ असा आवाज आला पाहिजे. तो आला नाही तर टेस्ट लॅम्पने तारेत बारा व्होल्ट येतात का हे पाहावे. एवढ्याशा तारेपायी संपूर्ण कार्बोरेटर बदललेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत.

फ्लोट, निडल (फ्लोटच्या जोराने पेट्रोलची वाट बंद करणारी सुई) आणि जेट यांबद्दल थोडक्यात लिहितो, कारण याबाबत आपले फिटर सहसा जागरूक असतात. इंजिन स्लोला असताना वरून टॉर्च मारून पाहिले आणि मुख्य नळीतून पेट्रोलचे थेंब पडताना दिसले, तर फ्लोटची पातळी जास्त आहे किंवा निडल बसत नाही. स्लोला ती नळी कोरडी असली पाहिजे. एकाच घराण्याचे कार्बोरेटर वेगवेगळ्या इंजिनांना वेगवेगळी जेट घालून दिले जात, म्हणून बाहेरून सारखा दिसणारा कार्बोरेटर आपल्याच गाडीचा असेल असे समजू नये. सोलेक्ससारख्या कार्बोरेटरमध्ये जेटवर कोरलेला आकडा भोकाचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागात सांगतो. जुन्या कार्बोरेटरमधील जेटचे आकडे काढून नव्याशी ताडून पाहिल्याशिवाय जुना भंगारात देऊ नये, आणि आकडे जुळत नसतील तर जुनी जेट चांगली साफ करून नव्यात घालावीत. तुंबलेल्या स्लो जेटमध्ये तार घालून भोक मोठे करण्याचा प्रकार मात्र बंद झाला पाहिजे. कार्बोरेटर क्लीनर आणि कॉम्प्रेसरची हवा यांनी जे निघत नाही, ते जेट बदलावे.

आपल्या भागाशी विशेष संबंधित असा पेट्रोलचा प्रश्न येथे येतो. बेळगाव जिल्हा हा उसाचा जिल्हा आहे, कारखान्यांच्या इथेनॉलला मागणी आली याचा येथील शेतकऱ्याला आनंदच आहे आणि मलाही आहे. परंतु 2023 पासून टप्प्याटप्प्याने आलेले वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल आता सगळ्याच पंपांवर मिळते, आणि जुना कार्बोरेटर त्याच्यासाठी बनलेला नाही, हे वास्तव गाडीमालकाने ओळखून चालले पाहिजे. शुद्ध पेट्रोलला पूर्ण जळण्यासाठी वजनाने 14.7 पट हवा लागते, इथेनॉलला 9 पट पुरते, आणि वीस टक्क्यांच्या मिश्रणासाठी हे प्रमाण साडेतेराच्या आसपास येते. कार्बोरेटरला यातले काही कळत नाही, तो भोकाच्या मापाने देत राहतो, म्हणून त्याच जेटवर मिश्रण सुमारे आठ टक्क्यांनी लीन होते. दुसऱ्या बाजूने, बेळगावच्या उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीपेक्षा साधारण सात टक्क्यांनी कमी असल्यामुळे मिश्रण तीनचार टक्क्यांनी रिच होते. दोन्हींची वजाबाकी केली तरी गाडी लीनच्या बाजूला राहते, आणि चोर्ला घाट उतरून गोव्याला गेल्यावर उंचीचा तो आधारही सुटतो. पूर्वी दीड फेऱ्यावर गोड चालणाऱ्या गाडीला आज दोन फेरे लागले, तर त्यात चुकीचे काही नाही. जुन्या पुस्तकातील आकड्यावर अडून बसणाऱ्या फिटरला एवढे सांगणे मला आवश्यक वाटते.

इथेनॉल आणखी दोन गोष्टी करते. टाकीतला आणि नळ्यांतला वर्षानुवर्षांचा चिकट थर ते सोडवते आणि तो वाहत येऊन सर्वांत बारीक भोकात, म्हणजेच स्लो जेटमध्ये, अडकतो. शिवाय ते हवेतील ओलावा ओढून घेते आणि जुन्या जातीच्या रबराचे डायफ्राम फुगवते किंवा कडक करते. नव्या कार्बोरेटरबरोबर टाकी धुणे, पेट्रोल फिल्टर बदलणे आणि इथेनॉलला टिकणाऱ्या रबराची नळी टाकणे ही कामे त्यासाठीच एकत्र करावीत. सणासमारंभालाच बाहेर निघणारी गाडी असेल तर टाकीत पेट्रोल महिनोन्महिने साठवू नये.

सगळे तपासून झाल्यावर स्क्रूची पाळी येते. इंजिन पूर्ण तापलेले, चोक पूर्ण उघडा आणि एअर क्लीनर जागेवर असावा. मिक्श्चरचा स्क्रू हलक्या हाताने टेकेपर्यंत आत घ्यावा, जोर लावू नये, कारण त्याच्या सुईवर वळ पडला की तो पुढे कधीच नीट सेट होत नाही. तेथून दीड ते दोन फेरे बाहेर काढून इंजिन सुरू करावे, रेसच्या स्क्रूने वेग गाडीच्या पुस्तकातील आकड्यावर, म्हणजे बहुतेक जुन्या चार सिलिंडरच्या गाड्यांत मिनिटाला 700 ते 850 फेऱ्यांच्या दरम्यान, आणावा. नंतर मिक्श्चरचा स्क्रू पाव पाव फेऱ्याने फिरवत सर्वाधिक वेग मिळेल त्या जागी थांबावे, वाढलेला वेग रेसच्या स्क्रूने पुन्हा उतरवावा, आणि ही आलटापालट इंजिन घड्याळासारखे लयीत चालेपर्यंत करावी. प्रत्येक फेऱ्यानंतर इंजिनाला स्थिर व्हायला थोडा वेळ द्यावा. घाईने फिरवलेल्या स्क्रूला इंजिन उत्तर देण्याआधीच पुढचा फेरा पडतो.

कानावर विश्वास नसेल तर एक चांगले साधन प्रत्येक तालुक्यात उपलब्ध आहे, त्याचा उपयोग मात्र आपण करून घेत नाही. प्रदूषण तपासणी केंद्रातील यंत्र स्लोला चालणाऱ्या इंजिनाच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण दाखवते. जुन्या चारचाकींसाठी त्याची कायदेशीर मर्यादा 3 टक्के आहे. फिटरला सोबत घेऊन, गर्दी नसलेल्या वेळी केंद्रचालकाला विनंती केली, तर नळी एक्झॉस्टमध्ये ठेवून स्क्रू फिरवता फिरवता आकडा पाहता येतो. दीड ते अडीच टक्क्यांच्या दरम्यान इंजिन शांत चालत असेल तर ट्यूनिंग चांगले जमले आहे. आकडा अर्ध्या टक्क्याखाली आणि इंजिन थरथरते आहे, तर पुन्हा गळतीकडे वळावे. दाखल्यासाठी नाहीतरी तेथे जावेच लागते, तर त्या भेटीतच ट्यूनिंग करून घ्यावे. मिश्रण फार रिच ठेवून गाडी स्लोला उभी करण्याचा जो आडमार्ग काही जण पत्करतात, त्याने दाखला तर अडतोच, शिवाय बंद गॅरेजमध्ये तो धूर जीवघेणा ठरू शकतो.

आपल्या दैनिकाच्या माध्यमातून दोनतीन विनंत्या कराव्याशा वाटतात. सुट्या भागांच्या विक्रेत्यांनी कार्बोरेटर विकताना दोन पॅकिंग आणि बॅकेलाइटचा ठोकळा त्यासोबतच द्यावा, आणि जेटचे आकडे पावतीवर लिहावेत. ग्राहकाला वस्तू कोणत्या इंजिनासाठी आहे हे त्यातून कळेल आणि परत घेण्यादेण्याचे अर्धे वाद मिटतील. गॅरेजचालकांनी काम हाती घेताना आधी टायमिंग आणि टॅपेट पाहिले की नाही, याची नोंद जॉब कार्डावर करावी. उद्यमबाग आणि मच्छे येथे लेथ, ग्राइंडर आणि सरफेस प्लेट यांची कमतरता नाही. ओतकामासाठी आणि यंत्रकामासाठी देशभर ओळखल्या जाणाऱ्या या गावात एक वाकडा फ्लँज सपाट करून मिळू नये, म्हणून मालकाने हजारो रुपयांचा भाग फेकून द्यावा, हे मला पटत नाही. छोट्या वर्कशॉपनी अशी कामे परत पाठवू नयेत, अशी माझी त्यांना कळकळीची विनंती आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमध्ये आता इंजेक्शनच्या इंजिनांवर भर आहे, तो असायलाच हवा, परंतु एक कार्बोरेटरवाले इंजिन शिकवण्यासाठी चालू स्थितीत ठेवले तर हवा, पेट्रोल आणि ठिणगी यांचे नाते मुलांना हाताने समजते, हा माझा अनुभव आहे.

शेवटी गाडीमालकांसाठी एक सूचना. नवी पॅकिंग गरम-थंड होता होता दबतात आणि नट थोडे सैल होतात, म्हणून कार्बोरेटर बसवल्यावर दोनतीनशे किलोमीटर गाडी चालवून ती गॅरेजमध्ये परत न्यावी, थंड इंजिनावर दोन्ही नट हलकेच, बाजू बदलत आवळून घ्यावेत आणि गरम झाल्यावर स्लो पुन्हा एकदा पाहून घ्यावा. गॅरेजवाल्यांनी या दुसऱ्या तपासणीची मजुरी पहिल्या बिलातच धरावी आणि मालकाला गाडी देतानाच पुन्हा यायची तारीख सांगावी.

आपला विश्वासू,
एक निवृत्त निदेशक,
शहापूर, बेळगाव